उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांचे फोटो: पहिल्यांदा कॅमेरा घेऊन भिगवणला जाणाऱ्यांसाठी

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर भिगवण लागतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी जवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ या गावांच्या काठापर्यंत येतं. हिवाळ्यात तिथे रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क), चमचे (स्पूनबिल), पट्टकादंब (बार-हेडेड गूज), सुरय (टर्न), कुरव (गल) असे मोठे आणि सहज दिसणारे पक्षी असतात, त्यामुळे पुण्या-मुंबईतले बहुतेक नवे छायाचित्रकार पहिली मोठी लेन्स इथेच काढतात. घरी परतल्यावर मात्र तेच तीन दोष दिसतात. पांढरे पक्षी जळालेले (जास्त उजेडाने सपाट पांढरे झालेले) असतात, उडते पक्षी धूसर असतात, आणि थवा इतका लांब की चौकटीत नुसते ठिपके. तिन्ही दोषांची कारणं ठरलेली आहेत आणि उपायही ठरलेले आहेत.

वाचताना एक हिशेब मनात पक्का ठेवा. पक्ष्यापासूनचं अंतर निम्मं झालं की लेन्सची लांबी दुप्पट केल्याइतकाच पक्षी चौकटीत मोठा दिसतो. आणि अंतर तेव्हाच कमी होतं जेव्हा पक्ष्याला तुमची भीती वाटत नाही. पुढच्या बहुतेक सूचनांचं मूळ इथे आहे.

१. आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा

उजनीत पक्षी कुठे बसतील हे पाण्याची पातळी ठरवते. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखलातलं खाद्य गाळून खातो. पाऊस भरपूर झाला आणि धरण काठोकाठ भरलं की नोव्हेंबर-डिसेंबरात उथळ जागाच नसते. रोहित उशिरा येतात किंवा फार लांब बसतात. शेतीसाठी पाणी सुटत जातं तसा काठचा चिखल उघडा पडतो आणि थवे जवळ येतात. म्हणून भरलेल्या धरणाच्या वर्षी जानेवारीअखेर ते मार्च हा काळ चांगला, आणि कमी पावसाच्या वर्षी त्याआधीच जा.

पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या हे पाहुणे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात असतात. बगळे, पाणकावळे, शेकाटे (स्टिल्ट), खंड्या (किंगफिशर), नदी सुरय हे कमी-अधिक प्रमाणात वर्षभर भेटतात.

तिथले बरेचसे गाईड मच्छीमार कुटुंबांतले तरुण आहेत आणि त्यांना पाण्याची रोजची खबर असते. फोन केल्यावर नुसतं ‘फ्लेमिंगो आलेत का?’ एवढंच विचारू नका. पाणी किती उतरलंय, थवा कुठल्या बाजूला आहे, बोटीने किती वेळ लागेल आणि बोटीत आणखी किती माणसं असतील, हे चार प्रश्न विचारा. थवा पाऊण तासाच्या अंतरावर असेल तर पहाटेचा उजेड प्रवासातच जाईल, आणि ते आधी कळलेलं बरं.

शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुट्ट्यांत एकाच थव्याभोवती अनेक बोटी जमतात आणि पक्षी सतत सावध राहतात.

२. लेन्स आणि कॅमेरा: हिशेबाने निवडा

छोटा खंड्या जेमतेम १६ सेंटिमीटरचा. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स लावून तो १० मीटरवरून टिपला तर चौकटीच्या रुंदीचा सुमारे पाव भाग भरतो. २० मीटरवरून आठवा भाग भरतो. ६०० मिमी लेन्सने २० मीटरवर तोच पाचवा भाग भरतो. राखी बगळा मीटरभर उंच, तो ४० मीटरवरूनही ४०० मिमीमध्ये छान बसतो. म्हणजे भिगवणच्या मोठ्या पक्ष्यांसाठी ४०० मिमी पुरते, छोट्या पक्ष्यांसाठी ६०० मिमीचा उपयोग होतो.

नवख्यांसाठी व्यवहार्य पर्याय असे:

- सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० मिमी. पोच मोठी, किंमत तुलनेने आवाक्यात. वजन दोन किलोच्या आसपास, त्यामुळे हात भरून येतात.
- निकॉनची २००-५०० मिमी किंवा सोनीची २००-६०० मिमी. दोन्ही सव्वादोन किलोच्या आसपास.
- कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी १००-४०० मिमीची हलकी लेन्स, जेमतेम ६३५ ग्रॅमची. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) लहान असल्याने पहाटे आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) चढतो, पण बोटीत तासन्‌तास हातात धरता येते.
- निकॉन पी ९५० सारखा न बदलता येणाऱ्या लेन्सचा सुपरझूम. बसलेल्या पक्ष्याच्या नोंदीसाठी उत्तम. उडत्या पक्ष्यावर फोकस संथ पडतो आणि कमी उजेडात छोट्या सेन्सरमुळे फोटो खरखरीत होतो.

पैसे मोजकेच असतील तर ते आधी लेन्सवर घाला. पाच-सहा वर्षं जुनी बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नव्या बॉडीवरच्या ७०-३०० मिमीपेक्षा चांगले फोटो देते. बॉडी नवीन घेणारच असाल तर पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरणारी मिररलेस घ्या. उडत्या पक्ष्यांच्या बाबतीत त्याने खरोखर फरक पडतो.

१.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारा जोड) सुरुवातीला नको. एक स्टॉप उजेड कमी होतो (म्हणजे निम्मा होतो), एफ ६.३ ची लेन्स एफ ९ ची होते (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), फोकस मंदावतो आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर) तो चालतच नाही.

वापरलेली लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि समोरून पाहा. जाळीसारखे किंवा कोळ्याच्या धाग्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. मुंबई-कोकणाच्या दमट हवेतून आलेल्या लेन्स विशेष तपासा. नंतर जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आळीपाळीने वीस-पंचवीस वेळा फोकस करून मोटर अडखळते का ते बघा.

पहिल्या फेरीसाठी विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहणं शहाणपणाचं. पुण्यात आणि मुंबईत मोठ्या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ताब्यात घेतानाच लेन्सचे चारही बाजूंनी फोटो आणि अनुक्रमांकाचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा, म्हणजे जुन्या ओरखड्यावरून परत करताना वाद होत नाही.

३. पिशवी आणि कागदपत्रं

सामान:

- बॅटऱ्या: मिररलेस असेल तर तीन, डीएसएलआर असेल तर दोन
- ६४ जीबीची दोन कार्डं. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या साधारण दोन हजार रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइली एका कार्डात बसतात. १२८ जीबीचं एकच कार्ड घेण्यापेक्षा हे बरं, एक बिघडलं तरी सगळं जात नाही
- लेन्स हूड, कायम लावलेला
- बीन बॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी)
- मायक्रोफायबरचं फडकं आणि हवेचा ब्लोअर
- जाड प्लास्टिकची पिशवी किंवा पावसाळी कव्हर. बोटीत पाणी उडतं
- मातकट रंगाचे कपडे, टोपी, पातळ हातमोजे, आणि डिसेंबर-जानेवारीत जाड जाकीट. पाण्यावरची पहाट पुणेकराच्या अंदाजापेक्षा बरीच गार असते
- काठावर झोपून फोटो काढायचे असतील तर ताडपत्रीचा तुकडा आणि गमबूट

बीन बॅग विकत आणायची गरज नाही. जुन्या जीन्सच्या पायाचा ४० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, एक बाजू शिवा, दुसरीला चेन लावा आणि आत दीड ते दोन किलो राजमा किंवा हरभरा भरा. पिशवी गच्च भरू नका, पाऊण भरा, म्हणजे लेन्स त्यात रुतून बसते. तांदळाची भुकटी शिवणीतून बाहेर येते म्हणून तांदूळ टाळा. थर्माकोलचे मणी हलके, त्यावर लेन्स डुलते.

लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर काढून ठेवा. ६०० मिमीवर त्याने तपशील मऊ पडतो आणि दोष लेन्सला दिला जातो.

कागदपत्रं: आधार किंवा दुसरं ओळखपत्र (मुक्कामाला आणि लेन्स भाड्याने घेताना लागतं), गाडीची कागदपत्रं, आणि भाड्याच्या लेन्सची पावती. भिगवणसोबत कडबनवाडी किंवा शिरसुफळचं माळरान करायचं असेल तर वन विभागाच्या परवानगीची आणि नोंदणीची चौकशी निघण्याआधीच करा. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात प्रवेशाचं तिकीट असतं आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं पडू शकतं, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवा.

४. निघायच्या आदल्या रात्री कॅमेरा लावून ठेवा

बोटीत बसल्यावर मेनू शोधत बसलात की समोरचा ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा घेऊन निघून जातो. हे सगळं घरी करा.

फाइल: रॉ. पांढऱ्या पिसांतला तपशील वाचवायला जेपेगमध्ये फार वाव नसतो.

फोकस: सतत पाठलाग करणारा मोड. कॅननवर त्याचं नाव एआय सर्वो किंवा सर्वो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. पक्षी ओळखणारी सोय असेल तर विषय म्हणून ‘पक्षी’ निवडा. नसेल तर बसलेल्या पक्ष्याला एकच बिंदू, उडत्याला छोटा गट. सगळे बिंदू एकदम चालू ठेवले की कॅमेरा समोरच्या गवतावर किंवा लाटेवर फोकस धरतो.

मागच्या बटणाने फोकस: शटरच्या बटणातून फोकस काढून अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणावर द्या. पहिल्या दिवशी बोटं गोंधळतात, म्हणून सहलीच्या निदान आठवडाभर आधी ही सवय सुरू करा. बसलेल्या पक्ष्यावर अंगठा सोडला की फोकस तिथेच राहतो, उडाला की अंगठा दाबून पाठलाग सुरू. मोड बदलावा लागत नाही.

शटर: मेकॅनिकल. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक शटर चौकट वरून खाली हळूहळू वाचतो, त्यामुळे वेगाने फडफडणारे पंख वाकडे येतात. महागड्या स्टॅक्ड (चौकट फार वेगाने वाचणाऱ्या) सेन्सरवर ही अडचण क्वचित येते.

बर्स्ट (सलग भराभर फोटो): मध्यम वेग. सर्वात वेगवान बर्स्टने बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) दोन-तीन सेकंदांत भरतो आणि कॅमेरा नेमका ऐन क्षणी थांबतो.

लेन्सवर फोकसचं अंतर मर्यादित करायचं बटण असेल तर ते लांबच्या टप्प्यावर ठेवा. बोटीतून एखादा पक्षी दोन-तीन मीटरवर येण्याची शक्यता नाही, आणि फोकस चुकला तरी लेन्सला पूर्ण फेरी मारावी लागत नाही.

शटर स्पीडची सुरुवात या आकड्यांनी (सेकंदात) करा:

- उभा बगळा, चमचा, चित्रबलाक: १/८००
- सतत चालणारा शेकाट्या, धोबी (वॅगटेल), तुतवार (सँडपायपर): १/१२५०
- उडणारा रोहित, राखी बगळा, चित्रबलाक: १/१६०० ते १/२०००
- सुरय, कुरव: १/२५००
- सूर मारणारा कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या): १/३२०० किंवा वर

लेन्समधला स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर थांबवतो, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. त्याच्या भरवशावर १/२०० ला उडता पक्षी काढायला गेलात तर डोकं स्पष्ट आणि पंख पुसलेले मिळतील.

अ‍ॅपर्चर जेवढं उघडता येईल तेवढं, म्हणजे एफ ५.६ किंवा ६.३. फक्त हे माहीत असू द्या की क्रॉप सेन्सरवर ६०० मिमी, एफ ६.३ आणि १० मीटर अंतर असेल तर स्पष्टतेची खोली जेमतेम सात सेंटिमीटर असते. फोकस डोळ्यावर हवा. तो छातीवर गेला तर डोळा निसटतो. जवळजवळ बसलेले दोन पक्षी घ्यायचे असतील तर एफ ९ ते ११ करा.

५. उजेड मोजायला शिका

भिगवणला सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कॅमेऱ्याचा मीटर (उजेडमापक) समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या छटेला आणायला बघतो. गडद पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर चौकटीचा बहुतेक भाग काळा असतो. मीटरला वाटतं उजेड कमी आहे, तो एक्सपोजर वाढवतो, पाणी करडं होतं आणि बगळा सपाट पांढरा पडतो. पिसांच्या रेषा गेल्या की त्या रॉमधूनही परत येत नाहीत. इथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजात हाताने केलेला बदल) -०.७ ते -१.३ करा.

याच्या उलट, पांढरट आकाशासमोर उडणारी घार किंवा भोवत्या (हॅरियर). चौकट उजळ असल्याने मीटर एक्सपोजर कमी करतो आणि पक्षी काळी सावली होतो. इथे +१ ते +१.७ लागतं. आकाश जळेल, जळू द्या.

सुरुवातीला मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी सोपी. शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, कॅमेरा आयएसओ हलवतो, कॉम्पेन्सेशन तुमच्या हातात. अडचण एवढीच की उडता पक्षी गडद झाडीसमोरून उजळ आकाशासमोर आला की आयएसओ उगाच उडी मारतो, पक्ष्यावरचं ऊन बदललेलं नसतानाही. म्हणून आकाश निरभ्र असेल आणि सूर्य बराच वर आला असेल तर आयएसओसुद्धा हाताने ठरवा. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ ५.६ ला १/३२०० हा मध्यम रंगाच्या पक्ष्यासाठीचा पाया. पांढऱ्या पक्ष्यासाठी त्यावरून एक स्टॉप खाली या, म्हणजे आयएसओ २००. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात ऊन कोवळं असतं, तेव्हा एक-दोन स्टॉप वाढवावे लागतात.

तपासणी स्क्रीनवरच्या चित्राने करू नका; उन्हात ते काळपट आणि पहाटे झगझगीत दिसतं. हायलाइट अलर्ट चालू ठेवा. जिथे चित्र जळालं तिथे स्क्रीन लुकलुकते. बगळ्याच्या पाठीवर लुकलुकलं की कॉम्पेन्सेशन आणखी खाली. पाण्यावरच्या चमकत्या लाटांवर लुकलुकलं तर सोडून द्या.

आयएसओची भीती बाळगू नका. १६०० किंवा ३२०० ची खरखर नंतर सॉफ्टवेअरने बरीच कमी होते. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही.

६. घराजवळ सराव

भिगवणच्या एका फेरीसाठी लेन्स भाड्याने आणून तिच्याशी पहिली ओळख बोटीतच करू नका. एक दिवस आधी आणा. कबुतरं, कावळे, घारी सगळीकडे असतात. गच्चीवर घारीचा पाठलाग करून बघा: आधी लेन्स २०० मिमीवर, पक्षी चौकटीत सापडला की मग झूम आत. डोळ्याने पक्षी धरून ठेवायचा आणि नजर न हलवता कॅमेरा डोळ्यापर्यंत वर आणायचा. कॅमेऱ्यातून आकाशभर पक्षी शोधत फिरलात तर तो सापडत नाही.

धरण्याची पद्धत: डावा तळवा लेन्सच्या खाली, तोल जिथे बसतो तिथे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. पाय खांद्याएवढे रुंद, आणि पक्षी जिकडे जाणार आहे त्या दिशेला पावलं आधीच वळवलेली. शरीर कमरेतून वळतं, हातांतून नाही.

७. बोटीत

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. त्याआधी अर्धा तास काठावर पोहोचा. दोन-तीन छायाचित्रकारांनी मिळून एक बोट केली तर खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाला एक बाजू मोकळी मिळते. सहा-सात जण घेऊन निघालात तर कायम कुणाचं तरी डोकं चौकटीत येतं.

ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी. त्याचे पाय बोटीची प्रत्येक थरथर कॅमेऱ्यापर्यंत नेतात. हातात धरा, किंवा बीन बॅग मांडीवर घ्या. उभे राहू नका: बोट डुलते, पक्षी बिचकतात, आणि वरून खाली बघून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं पाणी येतं. बसून, शक्य असेल तर बोटीच्या कडेवर बीन बॅग ठेवून लेन्स जेवढी खाली आणता येईल तेवढी आणा. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढला की मागचा काठ लांब जातो, धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. या एका सवयीने नवख्याचे फोटो जितके बदलतात तितके महाग बॉडीने बदलत नाहीत.

लाइफ जॅकेट घाला आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात अडकवलेला ठेवा.

बोटवाल्या दादांना निघतानाच तीन गोष्टी सांगा. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी बोट न्या. थव्यापासून बऱ्यापैकी लांब इंजिन बंद करा आणि पुढे काठीने किंवा वल्ह्याने सरका. आणि थवा उडवायचा नाही. तिसरी गोष्ट स्पष्टच सांगावी लागते, कारण गिऱ्हाइकाला उडत्या थव्याचा फोटो हवा असतो असं गृहीत धरून काही जण बोट सरळ आत घालतात. रोहित दिवसाचा मोठा भाग खाण्यात घालवतो. दिवसात पाच-सहा वेळा उडवलेला थवा ती जागा सोडून देतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या लोकांना लांबून ठिपके मिळतात.

थवा आपणहून उडतोच, फक्त खुणा ओळखाव्या लागतात. खाणं थांबतं, माना वर येतात, सगळे एका दिशेला तोंड करून चालू लागतात. मग पाण्यावर काही पावलं धावून रोहित वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उड्डाण घेतो. उतरतानाही पक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. म्हणून वारा तुमच्या पाठीकडून येत असेल अशी जागा घेतली तर उडणारे पक्षी तुमच्या दिशेने येतात. सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी मिळाले की त्या जागेवरून हलू नका.

साडेनऊ-दहानंतर पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा थरथरू लागते. ८०-१०० मीटरवरचे पक्षी मग कितीही शटर वाढवलं तरी मऊच येतात. अनेक जण याला लेन्सचा दोष समजून सर्व्हिस सेंटर गाठतात. त्या वेळी लांबचं सोडून जवळचं काढा, किंवा परत या.

८. काठावरून आणि गाडीतून

बोट संपल्यावर काठ विसरू नका. छोटे पक्षी तिथेच असतात.

गाडी हाच उत्तम आडोसा. पक्षी माणसाच्या आकाराला घाबरतात, थांबलेल्या गाडीला कमी. काचेवर बीन बॅग ठेवा, इंजिन बंद करा, कारण त्याची थरथर लेन्समध्ये उतरते. आधी हीटर लावला असेल तर काचा उघडून पाच मिनिटं थांबा. आतली गरम हवा बाहेर पडताना लेन्सच्या तोंडासमोरच लहरी तयार करते. गाडीतून उतरलात की तो पक्षी गेला असं समजा.

पायी जाताना सरळ पक्ष्याकडे चालू नका. तिरके, थोडं पुढे, मग थांबा, खाली बघा, पुन्हा थोडं. प्रत्येक थांब्यावर दोन-चार फोटो घ्या, पुढचं पाऊल शेवटचं ठरू शकतं. पक्ष्याने खाणं थांबवून मान ताठ केली, पिसं अंगाशी घट्ट ओढली, किंवा शेपटी-डोकं झटकू लागला की तिथेच थांबा. पुन्हा खायला लागला तर बसा, नाही लागला तर दोन पावलं मागे. टिटवी ओरडत डोक्यावर फिरू लागली तर जवळपास तिची अंडी किंवा पिल्लं आहेत. खाली बघत आल्या वाटेने मागे फिरा, तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत दिसत नाहीत.

याहून चांगला मार्ग म्हणजे पक्ष्याकडे न जाणं. शेकाटे, तुतवार, धोबी काठाकाठाने चरत पुढे सरकतात. ते जिकडे चाललेत त्या बाजूला वीस-तीस मीटर पुढे जाऊन, ताडपत्री पसरून, पालथे पडा आणि हलू नका. वीस मिनिटांत ते अनेकदा लेन्सच्या किमान फोकस अंतराच्या आत येतात. खंड्याचंही तसंच. त्याची ठरलेली फांदी किंवा जाळ्याची काठी असते, मासा घेऊन तो तिथेच परततो आणि गिळण्याआधी आपटतो. फांदीवर फोकस धरून ठेवा, मागे लांबवर काही गडद, एकसारखं दिसेल असा कोन निवडा आणि वाट पाहा.

९. उडते पक्षी

मोठ्या, संथ पक्ष्यांपासून सुरुवात करा: चित्रबलाक, राखी बगळा, मग कुरव, त्यानंतर सुरय. सुरयाची दिशा क्षणात बदलते. तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा विषय.

पक्षी यायच्या आधी तेवढ्याच अंतरावरच्या पाण्यावर किंवा काठीवर फोकस करून ठेवा, म्हणजे लेन्सला पक्षी लगेच सापडतो. अंगठा दाबून आधी पाठलाग, फोकस बसला की मग बर्स्ट, आणि तोही पाच-सात फोटोंचा. बर्स्ट संपला तरी कॅमेरा फिरवत राहा. बटण दाबताना हात थांबला की पक्ष्याची चोच चौकटीबाहेर जाते. चौकट थोडी सैल ठेवा. नंतर कापता येतं, कापलेला पंख जोडता येत नाही.

१०. जे करायचं नाही

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि घरट्यांना किंवा अंड्यांना उपद्रव देणंही येतं. घरट्यासमोरची फांदी फोटोसाठी कापली की पिल्लं उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. नवख्याने घरट्याचे फोटो काढूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोबाईलवरून आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विशेषतः विणीच्या काळात. नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून खाणं-पिणं सोडून लढायला येतो. कुरवांना शेव-फरसाण टाकून जवळ आणू नका. ते त्यांचं अन्न नाही आणि असल्या फोटोत पाण्यावर तरंगणारी शेवही दिसते. ड्रोन तर अजिबात नको. तो एकदा डोक्यावर आला की सबंध थवा उठतो.

११. परत आल्यावर

थंड पाण्यावरून गरम खोलीत किंवा गाडीत आलात तर पिशवी लगेच उघडू नका. लेन्सवर दव धरतं. अर्धा तास बंद राहू द्या.

दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि पुसायचं तेव्हा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. निवड करताना आधी डोळा शंभर टक्के मोठा करून बघा. डोळा स्पष्ट नसेल तर फोटो बाद. मग पंखांची ठेवण, मग पार्श्वभूमी. कापाकापी निम्म्या चौकटीपेक्षा जास्त झाली तर मोठ्या छपाईसाठी तो उपयोगाचा राहत नाही.

लेन्स पुसून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत स्वस्तातला आर्द्रतामापक. आकडा ५० च्या वर गेला की पुड्या बदला किंवा तापवून परत घाला. पावसाळ्यात हे दर आठवड्याला बघावं लागतं. कापडी बॅगेत लेन्स ठेवून जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवणं हा बुरशीला आमंत्रण देण्याचा मार्ग आहे.

न ओळखता आलेल्या पक्ष्यांचे फोटो मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्ये घालून पाहा, पण त्याचं उत्तर तारीख, जागा आणि पुस्तकातलं चित्र यांच्याशी ताडून घ्या. खात्री पटली की यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा आणि फोटो त्याच नोंदीला जोडा. समाजमाध्यमांवर टाकताना घुबडाच्या ढोलीची किंवा घरट्याची नेमकी जागा लिहू नका, आणि फोटोत जीपीएसची माहिती दडलेली असेल तर तीही काढून टाका.